शेंड्यापासून वाचायचं झाड

वनस्पतिशास्त्र घेतलंय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे नुसतं पाठांतरच ना?" पहिल्या वर्षाचं पाठ्यपुस्तक चाळलं तर त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. पानांच्या कडांचे प्रकार, टोकांचे प्रकार, शिराविन्यास, पुष्पविन्यास, कळीत पाकळ्या एकमेकींवर कशा बसतात त्याचे प्रकार, अंडाशयात बीजांडं कुठे चिकटतात त्याचे प्रकार. प्रत्येक प्रकाराला नाव, नावाला उदाहरण आणि सगळ्यांचा मिळून तक्ता. मुलं तक्ता घोकतात, पेपरात उतरवतात आणि निकाल लागेपर्यंत विसरूनही जातात. चांगली हुशार मुलं मग म्हणतात, विषय रुक्ष आहे. ते ऐकताना मला दर वेळी मनापासून वाईट वाटतं.

मी हाच विषय शिकले आणि आता पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवते. शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं होत गेलं. या सगळ्या नावांच्या मुळाशी एकच मोठी गोष्ट आहे. ती आधी हाती लागली तर नावं आपसूक जागेवर बसतात, आणि नाही लागली तर तीच नावं तीन वर्षं डोक्यावर ओझं होऊन राहतात. ती गोष्ट अशी: प्राण्याचं शरीर एकदा घडून पूर्ण होतं, झाडाचं कधीच पूर्ण होत नाही. माणसाचं मूल जन्माला येतं तेव्हा त्याचे हात, पाय, डोळे सगळे मोजून आलेले असतात. पुढे ते फक्त मोठे होतात. बीजातल्या गर्भाकडे मात्र जेमतेम एक मूळ, एक खोड आणि एखाददुसरं बीजपत्र असतं. पुढे येणारी हजारो पानं, फांद्या, फुलं यांतलं काहीच अजून झालेलं नसतं. ते सगळं शेंड्याशी आणि मुळांच्या टोकांशी, झाड जगेल तितकी वर्षं, नव्याने बनत राहतं.

शेंड्याच्या अगदी टोकाला, कोवळ्या पानांच्या आत झाकलेला पेशींचा एक घुमट असतो. बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो एका मिलिमीटरचाही नसतो. या विभाजी ऊतीच्या, म्हणजे विभागत राहणाऱ्या पेशीसमूहाच्या, पेशी सतत विभागत राहतात. घुमटाच्या कडेला एक उंचवटा येतो, त्याचं पान होतं. जरा सरकून दुसरा येतो, त्याचं दुसरं पान होतं. कास्पार फ्रीड्रिख वोल्फ या जर्मन अभ्यासकाने 1759 मध्ये कोबीचा शेंडा उकलून हे पाहिलं होतं, आणि तेही त्या काळच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली. तोवर बऱ्याच विद्वानांचं म्हणणं असं की बीजात अख्खं झाड सूक्ष्म रूपात तयारच असतं, ते नुसतं उलगडतं. वोल्फला दिसलं ते वेगळं होतं. आधी काहीच नव्हतं, आणि डोळ्यांदेखत पान घडत होतं.

ही गोष्ट पुस्तकात असते. पण कुठे, तर ऊतींच्या प्रकरणात, विभाजी ऊतींच्या वर्गीकरणाच्या तक्त्यात. माझं म्हणणं एवढंच की ती पहिल्या तासाला, हातात डहाळी देऊन सांगायला हवी.

म्हणून मी सुरुवात डहाळीने करते. डहाळी हातात घ्यायची आणि शेंड्याकडून खाली यायचं. वर सगळ्यात कोवळं पान, खाली त्याहून मोठं, आणखी खाली जून, आणि त्याही खाली पान गळून गेल्याचा नुसता वण. म्हणजे वरून खाली येताना आपण आजकडून कालकडे येत असतो. पान जिथून निघतं ते पेर, दोन पेरांमधलं कांडं. आता पानाच्या बेचक्यात, देठ खोडाला मिळतो त्या कोनात, नीट बघायचं. तिथे एक बारीकशी कळी असते. बागकाम करणारे तिला डोळा म्हणतात. तीही शेंडाच असते, फक्त थांबलेली. मनात आणलं तर तिची फांदी होईल, फूल होईल, नाहीतर ती जन्मभर तशीच पडून राहील.

खोड, पान आणि पानाच्या बेचक्यात कळी: सपुष्प वनस्पतीचं जमिनीवरचं सगळं शरीर या एका घडणीच्या पुनरावृत्तीने बनतं. यातून एक नियम निघतो, आणि पहिल्या वर्षात शिकण्यासारखं त्याहून मोलाचं मला काही वाटत नाही. एखादा अवयव दिसतो कसा यावर जायचं नाही. तो कुठे आहे ते बघायचं.

कडुलिंबाची आणि आवळ्याची डहाळी शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे एका दांडीवर दोन्ही बाजूंना ओळीने हिरवी पाती दिसतात. कडुलिंबाच्या एकेका पात्याच्या बुडाशी शोधा, कळी सापडत नाही. ती सापडते अख्ख्या दांडीच्या बुडाशी, खोडाच्या बेचक्यात. म्हणजे ती सगळी दांडी मिळून एकच पान, संयुक्त पान, आणि पाती म्हणजे पर्णिका. आवळ्याचं उलट आहे. तिथे त्या चिमुकल्या पात्यांच्या बेचक्यात फुलं येतात आणि पुढे तिथेच आवळे धरतात. पानाच्या भागाच्या बेचक्यात फूल येत नाही, पानाच्या बेचक्यात येतं. म्हणजे आवळ्याचं प्रत्येक पातं हे स्वतंत्र साधं पान आहे आणि ती दांडी ही फांदी आहे. ही फांदी पानासारखी अख्खीच्या अख्खी गळून पडते, त्यामुळे फसगत आणखी सोपी होते. वर्गात हे दाखवलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, पण दिसतं तर सारखंच!" तिथून खरा तास सुरू होतो.

काट्यांचंही तसंच. बोगनवेलीचा काटा पानाच्या बेचक्यात असतो, म्हणजे तो खोडाचा भाग, काटा झालेली फांदी. बोरीचे काटे पानाच्या देठाशी जोडीने असतात, बहुधा एक सरळ आणि एक आकडीसारखा वळलेला. ती उपपर्णं, म्हणजे पानाचा भाग. गुलाबाचे काटे खोडावर कुठेही असतात, त्यांना पेराशी देणंघेणं नाही. ते नुसत्या सालीवरच्या बाहेरच्या थरांतून आलेले, म्हणूनच बोटाने रेटलं की स्वच्छ निघून येतात. फड्या निवडुंगाचा हिरवा फडा पानासारखा दिसतो, पण अगदी कोवळा फडा मिळाला तर त्यावर बारीक, मांसल, दंडगोल पानं दिसतात आणि त्यांच्या बेचक्यात काट्यांचा झुपका. म्हणजे फडा हे खोड. ती पानं लवकरच गळतात आणि काटे तेवढे मागे उरतात. तक्त्यात हे चार वेगळे प्रकार असतात. हातात घेऊन बघितलं तर चारांनाही विचारायचा प्रश्न एकच असतो: तू पेराच्या मानाने कुठे आहेस?

मूळ या घडणीत बसत नाही, आणि तेही बघण्यासारखं आहे. मुळाला पेर नाही, पान नाही, बेचक्यातली कळी नाही. वडाची पारंबी वरून खाली लोंबते, जमिनीत रुजल्यावर खोडासारखी जाडजूड होते, तरी ती मूळच. तिच्यावर पेर शोधत बसा, मिळणार नाही. शिवाय फांदी खोडाच्या पृष्ठभागाशी असलेल्या कळीतून येते. उपमूळ मात्र मुळाच्या आतून, गाभ्याच्या कडेच्या थरातून निघतं आणि बाहेरच्या पेशी फोडत बाहेर येतं.

आता शरीर टोकाशीच वाढतं, याचा पुरावा काय? माझ्या मते पहिल्या वर्षाचं सगळ्यात सुंदर प्रॅक्टिकल हेच आहे, आणि त्याला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. एकोणिसाव्या शतकात यूलियस साक्स यांनी ते केलं. मोड आलेलं घेवड्याचं किंवा वाटाण्याचं बी घ्यायचं, मूळ दोनतीन सेंटिमीटर लांब झालेलं. टोकापासून एकेक मिलिमीटरवर शाईच्या बारीक आडव्या रेघा मारायच्या आणि बी दमट हवेत ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर टोकाच्या जरासं मागच्या रेघा एकमेकींपासून लांब गेलेल्या असतात, काही तर पसरून फिक्या झालेल्या. वरच्या रेघा मात्र होत्या तिथेच, होत्या तेवढ्याच अंतरावर. मूळ सगळीकडून रबरासारखं ताणलं जात नाही. लांबी वाढते ती त्या टोकाजवळच्या काही मिलिमीटरांत. बाकीचा भाग आपली लांबी वाढवून मोकळा झालेला असतो.

खोडाचंही तेच. म्हणून बुंध्यावर छातीच्या उंचीला ठोकलेला खिळा पन्नास वर्षांनी झाड दुप्पट उंच झालं तरी छातीच्याच उंचीला राहतो. फार तर बुंधा जाड होत जाऊन तो आत गाडला जातो, कारण जाडी वाढवणारी विभाजी ऊती वेगळी, सालीच्या आत सभोवार पसरलेली. गवताने यातही स्वतःची वाट काढली आहे. त्याची वाढ करणारी ऊती कांड्यांच्या आणि पात्यांच्या बुडाशीही असते. वरून कितीही चरलं, कितीही कापलं तरी ते खालून पुन्हा वर येतं. पृथ्वीवर एवढी कुरणं का आहेत याचं बरंचसं उत्तर त्या बुडाशी आहे.

फुलाकडे वळते, कारण मुलांना सगळ्यात जास्त धास्ती पुष्पसूत्राची, म्हणजे फुलाचे भाग चिन्हांत आणि आकड्यांत मांडायच्या सूत्राची असते. पान एका मर्यादेपर्यंत वाढतं आणि थांबतं. खोडाचा शेंडा थांबत नाही. फूल म्हणजे असा शेंडा की ज्याने थांबायचं ठरवलं. तो शेवटची काही पानं अगदी जवळजवळ, कांडी न सोडता, वर्तुळांत घडवतो आणि स्वतः संपून जातो. ती शेवटची पानं म्हणजे निदलं, पाकळ्या, पुंकेसर आणि स्त्रीकेसर. गटे हा जर्मन कवी. त्याने 1790 मध्ये फुलाचे भाग म्हणजे बदललेली पानंच आहेत असं मांडलं. निसर्गाकडे फार बारकाईने बघणाऱ्या माणसाची ती नजर होती, पण तेव्हा तिला प्रयोगाचा आधार नव्हता. तो दोनशे वर्षांनी मिळाला. 1991 मध्ये एन्रिको कोएन आणि इलियट मायरोविट्झ यांनी ए-बी-सी प्रतिमान मांडलं. जनुकांची तीन कामं: नुसतं ए असेल तिथे निदल, ए आणि बी मिळून पाकळी, बी आणि सी मिळून पुंकेसर, नुसतं सी तिथे स्त्रीकेसर. आणि तिन्ही कामं बंद पाडली की त्या जागी येतात ती पानांसारखी हिरवी अंगं. गटेला हे दाखवता आलं असतं तर, असं माझ्या मनात दर वर्षी येतं.

यासाठी प्रयोगशाळेतलं उत्परिवर्तित रोपच हवं असं नाही. जास्वंद घ्या. आधी साधी, एकेरी पाकळ्यांची. बाहेर उपनिदलांचं बारीक कडं, मग जुळलेली पाच निदलं, मग पाच पाकळ्या, प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी शेजारणीच्या खाली, सगळ्या एकाच दिशेने पिळलेल्या. मध्ये पुंकेसरांची नळी. सुईने ती नळी बुडापासून वरपर्यंत उभी चिरली की आतून धाग्यासारखी कुक्षीवृंताची नाजूक काडी मोकळी होते आणि तिच्या टोकाला पाच मखमली गोळे. आता अंडाशय आडवा कापायचा: पाच कप्पे, मधल्या आसाला चिकटलेली बीजांडं. हे हाताने एकदा केलं की पुष्पसूत्र पाठ करावं लागत नाही, बघून लिहिता येतं. यानंतर दुहेरी जास्वंद घ्यायची आणि आतल्या पाकळ्या एकेक काढून उजेडात धरायच्या. एखादीच्या कडेला परागकोश चिकटलेला सापडतो. अर्धी पाकळी, अर्धा पुंकेसर. दुहेरी फुलातल्या त्या जादा पाकळ्या आल्या कुठून हे त्या एका पाकळीवर स्पष्ट दिसतं. माझ्या वर्गात ती पाकळी हातोहात फिरते आणि परत येईपर्यंत चुरगळलेली असते.

आतल्या रचनेचा भाग ब्लेडशिवाय शिकता येत नाही. सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाचा तुकडा गाजराच्या चिरेत धरायचा, ब्लेड ओलं करायचं आणि दाब न देता अलगद ओढत आडवे काप घ्यायचे. वीसपंचवीस काप पाण्यात पडले की त्यांतला एखादाच खरा पातळ असतो. तो इतका पारदर्शक असतो की ब्रशने उचलेपर्यंत दिसतही नाही. त्याला सॅफ्रॅनिन द्यायचं, जास्तीचा रंग धुवायचा, ग्लिसरिनचा थेंब, आणि काचेचं झाकण सुईवर टेकवून एका बाजूने हळू सोडायचं, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. मग भिंगाखाली वाहक पूलांचं, म्हणजे पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यांचं, ते वर्तुळ दिसतं, आणि लिग्निन या लाकडाला कडक करणाऱ्या द्रव्याने भरलेल्या जलवाहिन्यांच्या भिंती लालबुंद.

इथेही शेंड्याचाच हिशेब चालतो. सगळ्यात आधी तयार झालेल्या जलवाहिन्या बारीक असतात, नंतरच्या मोठ्या. खोडात बारीक आतल्या बाजूला, मुळात बाहेरच्या बाजूला. जमिनीखालचा एखादा तुकडा मूळ आहे की खोड असा वाद झाला, तर एक चांगला आडवा काप तो मिटवतो. मुलं हा फरक तक्त्यातून पाठ करतात आणि हमखास उलटा लिहितात. ज्याने स्वतः दोन्ही काप घेतले तो उलटा लिहीत नाही. जलवाहिन्यांबद्दल आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. ज्या पेशींपासून त्या बनतात, त्या आपल्या भिंती जाड करतात आणि मग मरतात. आतलं सगळं नाहीसं झाल्यावरच तिथून पाणी वाहू शकतं. म्हणजे झाडाच्या सर्वांत महत्त्वाच्या नळांचं काम पेशी मेल्यानंतर सुरू होतं. त्या नळांतून पाणी वर ओढलं जातं ते पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाने, पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात म्हणून. हे डिक्सन आणि जॉली यांनी 1894 मध्ये मांडलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे सर्वांत उंच रेडवुड वृक्ष 115 मीटरच्या वर जातात. तिथवर पाणी पोचवायला झाडाकडे पंप नाही.

शरीर सतत वाढतं तर त्याला लागणारा माल कुठून येतो? हा प्रश्न मुलांना मी उत्तर न सांगता विचारते. बहुतेक जण म्हणतात, मातीतून. यान बाप्टिस्टा फान हेल्मोंटने तो तराजूने सोडवायचा प्रयत्न केला. वाळवलेली 200 पौंड माती कुंडीत भरली, त्यात 5 पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांवर गेलं. माती वाळवून परत तोलली तर जेमतेम 2 औंस कमी भरली. 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापून आलं. त्याचा निष्कर्ष होता, झाड पाण्यापासून बनतं. विशेष असं की कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचा अभ्यास याच माणसाने केला होता. झाडाचा बराचसा भाग ज्यातून आला तो वायू त्याच्या ओळखीचा होता, पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या नाहीत. पुढे 1771 मध्ये प्रीस्टलीने मेणबत्तीने बिघडलेली हवा पुदिन्याने सुधारते हे दाखवलं, 1779 मध्ये इंगेनहाउसने त्याला उजेड आणि हिरवे भाग लागतात हे दाखवलं, सनेबिएने कार्बन डायऑक्साइड जोडला, आणि 1804 मध्ये दे सोस्यूरने वजनं मोजून पाण्याचाही वाटा सिद्ध केला. हवेतला कार्बन पेशीत नेमक्या कोणत्या पायऱ्यांनी साखरेत जातो, हे कॅल्व्हिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून उलगडलं. त्यासाठी कॅल्व्हिनला 1961 चं नोबेल मिळालं. साध्या प्रश्नाचं पुरतं उत्तर मिळायला तीनशे वर्षं लागली. मुलांनी 'माती' म्हटलं तर त्यात नवल नाही. लाकूड बहुतांशी हवा आणि पाणी यांचं आहे हे एकदा खऱ्या अर्थाने पटलं की लाकडाकडे बघायची नजर बदलते.

सगळ्यात अवघड जातं ते पिढ्यांचं आलटूनपालटून येणं. मॉस, नेचे, सायकस, सपुष्प वनस्पती, प्रत्येकाचं जीवनचक्र वेगळ्या पानावर, वेगळ्या आकृतीत. आणि मुलं चार वर्तुळं चार वेळा पाठ करतात. विल्हेल्म होफमाइस्टरने 1851 मध्ये ही चारही वर्तुळं एकच आहेत हे दाखवलं, तेही औपचारिक विद्यापीठीय शिक्षण नसताना, घरच्या व्यवसायातून वेळ काढून. मॉसमध्ये आपल्याला दिसणारं हिरवं रोप ही युग्मक, म्हणजे नर-मादी पेशी, बनवणारी पिढी आहे आणि बीजाणू, म्हणजे एकट्यानेच रुजणारे सूक्ष्म कण, बनवणारी पिढी तिच्या डोक्यावर देठासारखी उभी. नेच्यात उलट: आपण ज्याला नेचा म्हणतो ती बीजाणूंची पिढी, आणि दुसरी म्हणजे ओल्या मातीवरचा पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा, नखाएवढा हिरवा पापुद्रा. सपुष्प वनस्पतींत ही दुसरी पिढी आटत आटत परागकणातल्या दोनतीन पेशींवर आणि बीजांडातल्या बहुधा सात पेशींच्या भ्रूणकोशावर आली. परागकण म्हणजे पुरुष पेशी नव्हे, ती एक अख्खी पिढी आहे. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवते आणि तास संपेपर्यंत पुसत नाही.

ते नुसतं वाक्य नाही हे आपल्याकडच्याच संशोधनातून दिसलं. 1964 मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी हे धोत्र्याच्या एका जातीचे परागकोश कृत्रिम माध्यमावर वाढवत होते. त्यांतून भ्रूणासारख्या रचना आल्या, आणि पुढे त्या परागकणांपासूनच निघाल्याचं स्पष्ट झालं. गुणसूत्रांचा एकच संच असलेली अख्खी रोपं अशी मिळू लागली आणि पिकांच्या पैदाशीला एक नवं तंत्र मिळालं. हे तंत्र जगभर वापरलं जातं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते आजही ओझरतंच सांगितलं जातं.

वर्गीकरणावर मी फार वेळ घालवत नाही, आणि याबद्दल माझे काही सहकारी माझ्याशी सहमत नाहीत. 1862 ते 1883 दरम्यान प्रसिद्ध झालेली बेंथम आणि हुकर यांची पद्धत हाताशी फूल असताना ओळख पटवायला अजूनही कामाची आहे. तिच्यात अनावृतबीजी, म्हणजे सायकससारख्या उघड्या बियांच्या, वनस्पती द्विदल आणि एकदल यांच्या मध्ये बसवल्या आहेत, हे मात्र आज कुणी मानत नाही. 1998 पासून ए-पी-जी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) या अभ्यासकांच्या गटाच्या वर्गीकरणाने जनुकांच्या क्रमावरून नाती नव्याने मांडली. मुलांना दोन्ही माहीत हवीत. पण कुळांची लक्षणं पाठ करण्याआधी पाच कुळांची पाच फुलं स्वतः फोडलेली असावीत, एवढा माझा आग्रह असतो.

परत शेंड्याकडे येते, कारण तिथलं एक काम अर्धवट राहिलं आहे. शेंडा खुडला की खालच्या बेचक्यांतल्या थांबलेल्या कळ्या जाग्या होतात आणि झाड फुटतं, हे छाटणी करणारा कुणीही सांगेल. पाठ्यपुस्तकात याचं कारण एका ओळीत असतं: शेंड्यात बनणारं ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरतं आणि कळ्यांना रोखून धरतं. थिमान आणि स्कूग यांनी 1933 मध्ये, कापलेल्या शेंड्याच्या जागी ऑक्झिन लावून कळ्या थांबतात हे दाखवलं. प्रयोग चोख होता. पण ऑक्झिन कळीत स्वतः शिरत नाही, मग ते तिला रोखतं कसं, हा प्रश्न शिल्लक राहिलाच. 2008 मध्ये स्ट्रायगोलॅक्टोन हे फांद्या रोखणारं संप्रेरक पुढे आलं. 2014 मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांत आणखी वेगळं दिसलं: शेंडा कापल्यावर खालच्या कळ्या इतक्या लवकर हलतात की वरचं ऑक्झिन तिथपर्यंत ओसरलेलंही नसतं. त्या आधी पोचते ती साखर. वाढत्या शेंड्याला साखर फार लागते. तो गेला की ती वाचते आणि थांबलेल्या कळ्यांच्या वाट्याला येते. पहिला इशारा साखरेचा, त्यानंतरचा कारभार संप्रेरकांचा, असं आता दिसतंय.

हे सांगितलं की पुढच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?" मी सांगते, तिन्ही लिहा, सालासकट लिहा, आणि कोणत्या प्रयोगातून काय कळलं ते आधी लिहा. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला वाटाण्याच्या रोपांच्या तीन रांगा असतील. एका रांगेचे शेंडे शाबूत, एकीचे खुडलेले, एकीचे खुडून वर ऑक्झिनचा मलम लावलेला. कळीची लांबी पट्टीने रोज मोजायची आणि मोजमाप ज्याचं त्याने आपल्या वहीत लिहायचं, शेजाऱ्याचं उतरवायचं नाही.